देल्मिरोच्या शेताविरुद्ध तक्रार

आजचा धोका: कमी

साबेलाने टेपचं टोक आत्याच्या हातात दिलं. "भिंतीला घट्ट धर. हलायचं नाही."

एरुंदिनाने ते गोठ्याच्या मागच्या भिंतीवर अंगठ्याने दाबून धरलं. साबेला टेप सोडत उलट्या पावलांनी निघाली. कोबीचा वाफा, बटाट्याची पट्टी, खुराडं, चेस्टनटची तीन झाडं. मग दगडी बांध. बांधाला पाठ टेकली तशी ती थांबली.

"अठरा मीटर," ती ओरडली. "कायदा पन्नास म्हणतो, आत्या."

"मग पुढे मोज की."

"कशी मोजू? आत शिरले तर बाहेर येताना अंगावर कातडी राहायची नाही."

बांधापलीकडे तोशो माजला होता, डोंगरावरचं रानझुडूप. माणूस उभा गडप होईल एवढा उंच, पानांच्या जागी नुसते काटे, आणि मार्च असल्यामुळे वरपासून खालपर्यंत पिवळी फुलं. उन्हात त्याला खोबऱ्याच्या तेलासारखा वास येतो. वर हिरवा, आत वाळून कडकडीत. पेटायला त्याला वाळावं लागत नाही. हिरवाही पेटतो, आणि पेटला की फटाक्यांसारखा वाजतो.

साबेला एरुंदिनाच्या भावाची मुलगी. प्रांत सरकारच्या वणवा पथकात नऊ महिन्यांच्या करारावर होती. उन्हाळ्यात आगीशी झुंज आणि वसंतात हे असं गावोगाव मोजमाप: घरांपासून पन्नास मीटरमध्ये पाइन नको, निलगिरी नको, झुडपं नकोत. मुदत मेअखेर.

"हे शेत कुणाचं?" तिने विचारलं. तिला माहीत होतं. कागदावर लिहायचं म्हणून विचारलं.

"देल्मिरोचं."

"राहणार?"

एरुंदिनाचा अंगठा भिंतीवरून सुटला. टेप सर्रकन कोबीच्या वाफ्यातून सरपटत साबेलाकडे निघून गेली.

*

राहणार कुठे, ते गावात कुणालाच सांगता आलं नसतं.

देल्मिरो पंचाहत्तर साली कराकासला गेला. एरुंदिना तेव्हा पंचविशीची, आणि त्यांचं ठरलं होतं. म्हणजे जत्रेत सगळ्यांदेखत तीनदा एकत्र नाचले होते, आणि आमच्या पेनाविल गावात तेवढ्याला ठरणंच म्हणतात. बसमध्ये चढताना तो म्हणाला, "शेतावर लक्ष ठेव." मी येईन, असं म्हणाला नाही. पण येणार नसेल तर शेतावर लक्ष ठेवायला कोण सांगतं? पत्रं आली, महिन्याला दोन, मग एक, मग नाताळचं कार्ड. अठ्ठ्याहत्तरनंतर काही नाही.

तिने लक्ष ठेवलं. लक्ष ठेवलं म्हणजे हात लावला नाही. आमच्याकडे परदेशी गेलेल्याच्या जमिनीला हात लावत नाहीत. नुसतं गवत कापलं तरी लोक म्हणणार, बघा, आज विळा घातला, उद्या नांगर घालेल, परवा बांध सरकवेल. म्हणून निम्मं गाव कराकासच्या, ब्वेनोस आयर्सच्या, जिनिव्हाच्या मालकीचं आहे आणि त्यावर तोशो राज्य करतो. पूर्वी तोशो गुरांखाली अंथरायला लागायचा. कापायला मिळावा म्हणून भावाभावांत डोकी फुटायची. आता गुरं कुठे एखाददुसरं उरलंय, आणि भांडायला भाऊही नाहीत. सरकारचं विमान येतं, वरून फोटो काढतं, निघून जातं.

एरुंदिनाचा बाप तर तिला बजावूनच मेला: "त्या शेतात पाय ठेवायचा नाही."

*

जेवताना अमारो म्हणाला, "दोन सकाळी मी साफ करून टाकतो. मिटलं."

अमारो तिचा धाकटा भाऊ, साबेलाचा बाप. त्रेसष्ट वर्षांचा, पाट्याच्या दगडासारखा बसका. बायको गेल्यापासून बहीण-भाऊ एकाच चुलीवर होते.

"परक्याच्या शेतात?"

"परका कसला. कोण येतंय विचारायला?"

"विचारायला नाही आला तरी शेत त्याचं आहे. आधी त्याला विचारायला हवं."

"विचार. हाक मार जोरात. कराकास त्या डोंगरामागेच आहे."

साबेला कोबी-बटाट्याच्या सारात मक्याचा पाव बुडवत होती. सहज बोलावं तसं बोलली, "कुणी तक्रार केली तर पालिकेला मालक शोधावाच लागतो. नोंदी काढतात, वारस काढतात. परदेशात असला तर वकिलातीला लिहितात. कुठेच नाही सापडला तर राजपत्रात नाव छापतात, मग पथक जाऊन साफ करतं."

एरुंदिनाचा चमचा वाडग्यात उभाच राहिला.

"शोधावाच लागतो?"

"कायदा आहे."

"जिवंत असला तर कळतं?"

"आणि नसला तरी कळतं."

अमारोने हातातला पाव टेबलावर ठेवला. "तक्रारबिक्रार काही करायची नाही. घरच्या माणसावर कुणी तक्रार करतं?"

"घरचा कधी झाला तो?" एरुंदिना म्हणाली, आणि उठून भांडी घासायला लागली. अजून कुणाचं जेवण झालं नव्हतं.

*

तक्रार अर्ज
(तालुक्याची पालिका, दुसरी खिडकी, फिनाबाई)

तक्रारदाराचं नाव. एरुंदिना कासाल विदे.

वय. "एकोणसत्तर." "दिसत नाही हो, एरुंदिनाबाई." "अर्जात दिसायची जागा आहे का?"

तक्रारीचं स्वरूप. गोठ्यामागचं शेत, तोशो, बर्चची रोपं, आपोआप उगवलेले सात पाइन. घरापासून अठरा मीटर.

शेतमालकाचं नाव. देल्मिरो ओतेरो सेयशास.

मालकाशी नातं. "ही ओळ भरायलाच हवी का?" "बांधाचा वाद आहे का ते कळायला असते." "वाद नाही." "मग शेजारी लिहू?" एरुंदिनाने बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहिलं. लहान होता, नखाएवढा. "लिहा शेजारी."

मालकाचा शेवटचा ज्ञात पत्ता. हा तिला पाठ होता. रस्ता, इमारत, मजला, दार. फिनाबाईने टंकताना दोनदा मान वर करून पाहिलं.

तक्रारदाराची मागणी. "शेत साफ करून मिळावं, असंच ना?"

"मालकाला शोधून मिळावं."

"ते ओघाने आलंच, बाई. मागणीत साफसफाई लिहावी लागते."

"मग लिहा. पण ते आधी लिहा."

फिनाबाईने लिहिलं नाही. पण लिहिल्यासारखं करून तिने बटणं दाबली, आणि ठसठशीत शिक्का मारला.

*

आजचा धोका: मध्यम

वणव्याच्या धोक्याचा हा कागद रोज सकाळी शाकिनाच्या दुकानाच्या दारावर लागायचा. शाकिना विधवा, एरुंदिनाच्याच वयाची, तिच्या दुकानात कॉफी, खिळे, मेणबत्त्या आणि बातम्या मिळायच्या.

"चव्वेचाळीस वर्षं वाट बघितलीस," कॉफी ओतत ती म्हणाली, "आणि शेवटी प्रेमपत्र पाठवलंस ते पालिकेच्या शिक्क्याचं!"

"आगीचा प्रश्न आहे."

"तेच म्हणते मी. आग आहेच." बाकावरचे दोघे म्हातारे खुसखुसून हसले. "आला समजा देल्मिरो, तर काय म्हणणार? या, बसा, पंधरा दिवसांत कापणी करा?"

एरुंदिना कॉफी पूर्ण पिऊन निघाली. अर्धी टाकून गेली असती तर आठवडाभर त्याचीच चर्चा झाली असती.

घरी तिच्या वाट्याचं काम होतं. तिचं आणि अमारोचं जे काही पन्नास मीटरच्या पट्ट्यात येत होतं ते त्यांनी एप्रिल-मेमध्ये साफ केलं. अमारो पट्ट्याने खांद्याला झुडपं कापायचं कटर अडकवून पुढे, ती दाताळं घेऊन मागे. कातड्याचे हातमोजे असूनही काटा आत जायचाच. संध्याकाळी ती दिव्याखाली तळवा धरायची आणि अमारो सुईने काटे काढायचा. ढीग पेटवायला परवानगी लागायची. अमारो फोन करायचा, पलीकडची बाई म्हणायची, आज मध्यम आहे, अकराच्या आत पेटवा, पाणी जवळ ठेवा, विझेपर्यंत हलू नका. पूर्वी बाप नुसती हवा हुंगून पेटवायचा. अमारो फोन ठेवून नेमका तसाच हवा हुंगायचा, आणि मगच काडी ओढायचा.

एक पाइन होता, बापाने लावलेला. कायद्यात बसत नव्हता. तोही पडला. पडताना त्याने खुराड्याचं छप्पर घेतलं, आणि तीन दिवस कोंबड्यांनी अंडी दिली नाहीत.

सगळं मोकळं झालं तसं बांधापलीकडचं ते शेत अजूनच उंच दिसायला लागलं. फुलं गेली होती. काळपट, गच्च. दुपारी त्याच्या शेंगा तडतडायच्या. प्रत्येक तडतडीला एरुंदिना खिडकीशी जायची.

पालिकेत ती दर मंगळवारी जायची.

"वकिलातीला गेलंय, एरुंदिनाबाई."

"वकिलातीचं उत्तर नाही आलं."

"आता जमिनीच्या मूळ नोंदी मागवल्यात. प्रांताच्या दप्तरात जुने कागद आहेत, ते पेटाऱ्यांत आहेत."

"म्हणजे शोधतायत?"

"शोधतायत."

त्या एका शब्दावर तिचा पुढचा आठवडा निघायचा. विणकामाच्या सुया हातात घेऊन ती मनात वाक्यं जुळवायची. 'शेत जसंच्या तसं आहे.' नको. तोशो आहे त्यात. 'शेतावर लक्ष आहे.' हे बरं. पुढचं वाक्य मात्र

पुढचं वाक्य जुळत नसे.

*

आजचा धोका: जास्त

जूनच्या मध्यावर एका पहाटे कटरचा आवाज आला, आणि तो चुकीच्या बाजूने आला.

ती तशीच झोपेच्या कपड्यांवर धावली. अमारो बांधावर एक पाय टाकून होता. तोशोची पहिली रांग आडवी झाली होती. ती बांधावर चढली. तिचा डावा खुबा कधीपासून दुखरा, पण चढली, आणि फिरत्या पात्यासमोर उभी राहिली.

अमारोने यंत्र बंद केलं. "मरायचंय का तुला?"

"उत्तर येऊ दे."

"दिना, मुदत संपून पंधरा दिवस झाले. साबेलाला वरून विचारतात, तुझ्याच घरामागे असं कसं? पोरीने काय तोंड दाखवायचं?"

"शेत साफ झालं की तक्रार मिटते. तक्रार मिटली की शोधणं थांबतं. फिनाबाईने सांगितलंय."

"थांबू दे!"

"तुला काय त्रास आहे रे? तुझं काय जातंय त्यात?"

अमारोने तोंड उघडलं. डोळ्यांवरच्या जाळीच्या चष्म्याला हिरवे तुकडे चिकटले होते, ते त्याने एकेक करून काढले. मग म्हणाला, "खाली उतर."

तिला उतरता येईना. खुबा धरला होता. शेवटी त्यानेच तिला काखेत हात घालून, पोतं उचलावं तसं उचलून खाली ठेवलं. शाकिना तिच्या गच्चीवरून कपडे वाळत घालता घालता सगळं बघत होती. हात हलवून म्हणाली, "शाब्बास अमारो! त्या शेताशी तिचं लग्न लावूनच आत ने आता!"

साबेला दुपारी आली ती गणवेशात. रागावली नव्हती, हे जास्त वाईट होतं.

"आत्या, मी आगीत पहिल्यांदा काय बघते, सांगू? परत यायला वाट कुठे आहे ते. तुझ्या घराला मागून वाट नाही."

"पंधरा दिवस दे."

"मी कोण देणारी? वारा देईल तर देईल."

*

आजचा धोका:

(कागद वाऱ्याने उडून गेला होता. शाकिनाने दारावर खडूने लिहिलं: तीस तीस तीस.)

तीस अंशांच्या वर उष्णता, तीस टक्क्यांच्या आत दमटपणा, ताशी तीस किलोमीटरच्या वर वारा. पथकातली माणसं त्या दिवशी बायकामुलांशीही कमी बोलतात. वीस जुलै होता तो. आग पलीकडच्या खोऱ्यात लागली. कापणी यंत्राचं पातं दगडावर घासलं, एवढंच. दोन वाजेपर्यंत धुराने सूर्याचं तांबं करून टाकलं. हेलिकॉप्टर धरणातून पाणी उचलून डोक्यावरून जाई आणि ताटल्या खडखडत.

साबेलाचा फोन आला. धापा टाकत. "डोंगराच्या माथ्यावर आग अडवायला आम्ही जाळरेषा धरलीय. ती धरेल. पण ठिणग्या उडतायत. छप्पर भिजवा. खिडक्या लावा. आत्या, ते शेत"

फोन कट झाला.

वनरक्षक बेर्नाबे जीप घेऊन आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. मागे जाऊन त्याने ते शेत बघितलं आणि टोपी काढली. "हे कुणी ठेवलं असं?"

"मी तक्रार केलीय," एरुंदिना म्हणाली. "मार्चमध्ये. माझ्याकडे शिक्क्याची पोच आहे."

"पोच आणा बाहेर," बेर्नाबे म्हणाला. "आगीला दाखवू. आणि निघायची पिशवी भरून दाराशी ठेवा."

तो पुढच्या गावाला गेला. त्यानंतर पाव तासाने ठिणगी पडली. झाडाच्या सालीचा जळता तुकडा, हाताएवढा, डुलत डुलत आला, जणू कुणी हलकेच ठेवला, आणि देल्मिरोच्या शेतात उतरला.

आधी आवाज आला. फटफट. मग ज्वाळ, घराएवढी उंच, नारिंगी, तेलकट. अमारोने बागेचा पाइप ओढला, तो अठरा मीटरच पुरत होता. जूनमध्ये त्याने पाडलेली ती एकच रांग मध्ये होती, तीन पावलांची. तेवढ्यात उभं राहून त्याने पाणी मारलं. एरुंदिना ओली गोणपाटं घेऊन बांधावरून झोडपत होती. ठिणग्या रुमालात, केसांत, गळ्यात. कुणीतरी शेजारी येऊन ओल्या फांदीने झोडपायला लागलं, आणि दोन फांद्या मोडल्यावर तिच्या लक्षात आलं, की ही शाकिना आहे. तिच्या दुकानाची मागची भिंत इथून चाळीस पावलांवर.

वारा फिरला म्हणून वाचले. हेलिकॉप्टरने परतताना अर्धी बादली त्यांच्यावरच रिकामी केली. तिघं बांधावर भिजून, काळी होऊन बसली. शेताचा एक कोपरा जळला होता, बाकीचं तसंच उभं होतं.

एरुंदिना वाट बघत होती, शाकिना आता काहीतरी बोलेल. टोमणा मारेल. शाकिनाच्या भुवया जळल्या होत्या. तिने एप्रन पिळला, फांदी खाली ठेवली आणि एक शब्दही न बोलता घरी गेली.

*

पत्र एकतीस जुलैला आलं. पोच देऊन घ्यायचं. पोस्टाच्या बाईने पेन पुढे केलं आणि एरुंदिनाने सही करायच्या आधी हात एप्रनला पुसले, दोनदा. पत्र घेऊन ती घरात गेली, परत बाहेर आली, पायरीवर बसली. चष्मा. पाकीट सुरीने कापलं, फाडलं नाही.

विषय: गट क्र. २१४ वरील ज्वालाग्राही झुडपांबाबत तक्रार.

तक्रारदार: एरुंदिना कासाल विदे, राहणार पेनाविल.

मूळ अभिलेखांच्या तपासणीवरून, सन १९७८ च्या जमीन एकत्रीकरण योजनेत सदर गटाचे मालक खालीलप्रमाणे निश्चित झाल्याचे आढळते.

मालक: एरुंदिना कासाल विदे, राहणार पेनाविल.

सबब आपणांस कळविण्यात येते, की आपण आपल्या मालकीचा गट पंधरा दिवसांत

तिने पुन्हा वरून वाचलं. चूक झाली आहे, टंकणाऱ्याने एकच नाव दोनदा टंकलं आहे. गट क्रमांक बघितला. खाली नकाशा होता: गोठा, तीन झाडं, बांध, आणि बांधापलीकडे रेघा मारलेला तुकडा. पाठीमागे जुन्या कागदाची प्रत. त्यावर संमतीची सही होती, तिच्या नावाची, आणि ती सही तिच्या बापाच्या अक्षरात होती.

साक्षीदार: अमारो कासाल विदे.

अमारो गोठ्यातून दूध घेऊन येत होता. त्याने पायरीवरचा कागद बघितला आणि बादली खाली ठेवली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर. त्याचं पत्र बाबांच्या नावाने आलं होतं. सोबत मुखत्यारपत्र." तो उभाच होता. "तिकडे त्याने लग्न केलं होतं, दिना. लिहिलं होतं, शेत एरुंदिनाच्या नावावर करा, तिला दुसरं द्यायला माझ्याकडे काही नाही."

"आणि तुम्ही केलं."

"मोजणीदार गावात आलाच होता. बाबांनी तुझी सही केली. तेव्हा चालायचं. मी बावीस वर्षांचा होतो. म्हणाले, इथे सही कर आणि तोंड शिव."

"का?"

"म्हणाले, कळलं तर पोर मरेल. नाही कळलं तर वाट बघेल. वाट बघून कुणी मरत नाही."

एका मांजराने बादलीत तोंड घातलं. दोघांनीही हाकललं नाही.

"बाबा वारल्यावर?"

"दरवर्षी ठरवायचो. नाताळात सांगू. मग म्हणायचो, जाऊ दे, ईस्टरला." त्याचा आवाज फाटला. "मग तूच सांगायला लागलीस, कसं जपलंयस ते शेत. आता कुठल्या तोंडाने..."

"तो आहे का?"

"काय?"

"जिवंत. आहे का तो?"

"माहीत नाही. तुझ्या गळ्याशपथ, ते नाही माहीत."

तिने कागदाची घडी घातली, आधी होत्या त्याच घड्यांवर. रडू येईल म्हणून ती थांबली. आलं नाही. एवढंच कळत होतं, की मार्चपासून कुठल्या तरी कचेरीत, कुठल्या तरी पेटाऱ्यात माणसं त्याला शोधत होती, आणि आता शोधणार नाहीत. प्रकरण मिटलं होतं. मालक सापडला होता.

*

आजचा धोका: मध्यम

पंधरापैकी सहा दिवस ती बोलली नाही. अमारोला ताट वाढायची, समोर बसायची नाही.

सातव्या दिवशी तिने बापाचा आखूड दांड्याचा कोयता काढला, दगडावर पाणी टाकून धार लावली, हातमोजे चढवले आणि बांध ओलांडला. पाय ठेवताना क्षणभर घुटमळली. जुनी सवय. मग ठेवला. जळलेल्या कोपऱ्यातून सुरुवात केली, कारण तिथे वाट सोपी होती. डाव्या हाताने फांदी वाकवायची, मुळाशी घाव. तोशोचा घाव बाभळीसारखा बसतो, खांद्यापर्यंत झणका येतो. तासाभरात तिने खाटेएवढी जागा मोकळी केली आणि दगडावर बसून घोटभर पाणी प्यायली. दुसऱ्या तासात अजून एक खाट. या हिशेबाने तोशोचं दिवाळं निघायची काही चिन्हं नव्हती.

दुपारी पथकाची गाडी आली. सहाजण उतरले, हेल्मेटं, कटर, साखळी करवती. साबेला पुढे, हातात कामाचा तक्ता. ती बांधापाशी येऊन थांबली.

"आत येऊ का, आत्या?"

"ये की. बांध काय नवीन आहे तुला?"

"तसं नाही. मालकाच्या परवानगीशिवाय पथकाला खाजगी जमिनीत पाय ठेवता येत नाही. तक्त्यात लिहावं लागतं." तिने तक्ता पुढे केला. बापाने तिला सगळं सांगितलं होतं, हे तिच्या नजर चुकवण्यावरून कळत होतं. "इथे. मालक: हजर, गैरहजर. आमच्या तक्त्यात या गटापुढे कायम गैरहजरच लिहिलंय."

एरुंदिनाने हातमोजा दातांनी ओढून काढला. पेन घेतलं. 'हजर'वर खूण करताना काट्याने सोललेल्या बोटाचं रक्त कागदाला लागलं.

"पुसू नकोस," ती म्हणाली. "शिक्का समज."

पोरांनी दीड दिवसात ते केलं. सात पाइन पाडले. बर्चची दोन रोपं ठेवू का म्हणून विचारलं, बर्च कायद्यात चालतो. तिने एक ठेवायला सांगितलं, मग थोड्या वेळाने हाक मारून दुसरंही. अमारो न विचारता ढीग रचत राहिला. ती त्याच्या दुसऱ्या बाजूने दाताळ्याने ओढत राहिली. संध्याकाळी त्याने दिव्याखाली सुई घेऊन हात पुढे केला. तिने बराच वेळ आपला हात मांडीवरच ठेवला. मग दिला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती खिडकीशी भांडी पुसत होती. खिडकीतून नेहमी एक काळपट भिंत दिसायची. आज तिथे उतार होता, पिवळ्या खुंटांचा, आणि उताराखाली रस्ता. रस्ता इथून दिसतो, हे ती विसरूनच गेली होती. वळण दिसत होतं, वळणावरचा दगड, पुढची उतरंड.

तीनची बस आली. थांबली नाही, चढणारं कुणी नव्हतं, उतरणारंही. पण वळणावर ड्रायव्हरला अचानक वर एक घर दिसलं, खिडकी दिसली, खिडकीत बाई दिसली. इतकी वर्षं या रस्त्याला त्याला तिथे घर असल्याचं माहीत नव्हतं. त्याने हात वर केला.

एरुंदिनाच्या हातात ओली ताटली होती. ती खाली ठेवून तिनेही हात वर केला, आणि बस उतरंडीला लागून दिसेनाशी होईपर्यंत तसाच ठेवला.